कोब्यावरची पिल्लं आणि तिसऱ्या दिवसाची सुई

वराहपालनाच्या नव्या शेडमधून एक तक्रार हमखास येते, आणि ती करणारा माणूस बहुतेक वेळा स्वच्छतेच्या बाबतीत काटेकोर असतो. शेड बांधताना त्यानं जमिनीला पक्का कोबा केलेला असतो, दिवसातून दोनदा पाणी मारून तो धुतलेला असतो, दारात चुन्याची पावडर टाकलेली असते. डुकरीण दहा-अकरा पिल्लं व्यालेली असते, तिला दूध भरपूर असतं आणि पिल्लं अंग धरत असतात. मग दोन-अडीच आठवड्यांनी एका सकाळी त्यातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात गुबगुबीत पिल्लू मेलेलं सापडतं. अंगावर जखम नाही, हगवण नाही, आईखाली चेंगरलेलंही नाही. मरायचंच होतं तर मरतुकडं मरायला हवं होतं, हे कसं गेलं, असा प्रश्न घेऊन तो डॉक्टरांकडे येतो.

त्या पिल्लाच्या रक्तात लोह उरलेलं नव्हतं. आणि ते उरलं नाही याला कारण शेडचा तोच स्वच्छ कोबा. नवजात पिल्लांचा लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय हा जंतूंचा रोग नाही, आनुवंशिक नाही, मालकाच्या हलगर्जीपणाचाही नाही. डुकरांना मातीवरून उचलून पक्क्या जमिनीवर ठेवलं की तो होतोच. काही पिल्लांना होतो आणि काहींना होत नाही असा प्रकार यात नसतो. कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांनाच होतो. म्हणूनच तो टाळायची वेळ रोग दिसल्यावरची नाही, पिल्लू जन्मल्यापासून तिसऱ्या दिवसाची आहे.

हिशेब मांडून बघू. जन्मताना पिल्लाचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो असतं आणि त्याच्या सगळ्या शरीरात मिळून लोह असतं जेमतेम ४० ते ५० मिलिग्रॅम. आईच्या पोटातून आणलेली शिदोरी ती एवढीच. तीसुद्धा सगळी हाताशी नसते. १३०० ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात सुमारे १०० मिलिलिटर रक्त असतं. त्यात हिमोग्लोबिन साधारण १० ग्रॅम, आणि एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह. म्हणजे ३४ मिलिग्रॅम लोह रक्तातच कामाला लागलेलं आहे. यकृतात वगैरे खर्चायला उरलं ते दहा-पंधरा मिलिग्रॅम.

आता खर्चाची बाजू. पिल्लाला दिवसाला ७ ते १० मिलिग्रॅम लोह लागतं. आईच्या दुधातून मिळतं दिवसाला सुमारे १ मिलिग्रॅम. रोजची तूट सहा मिलिग्रॅमच्या वर, आणि हातात दहा-पंधरा. दोन-तीन दिवसांत खडखडाट. तीन आठवड्यांनी तेच पिल्लू सहा किलोचं होतं. तोवर त्याच्या अंगात साडेचारशे मिलिलिटरच्या आसपास रक्त हवं, आणि ते रक्त चांगल्या प्रतीचं, म्हणजे डेसिलिटरला ११ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेलं हवं असेल, तर फक्त त्या रक्तासाठीच १६५ मिलिग्रॅमच्या वर लोह लागेल. जन्मताना रक्तात असलेले ३४, यकृतातले दहा-बारा आणि २१ दिवसांच्या दुधातले २१ धरले तरी जवळजवळ १०० मिलिग्रॅमचा खड्डा राहतो. स्नायूंना लागणारं लोह आणि थोडी शिल्लक धरली की खड्डा आणखी मोठा. पिल्लाला २०० मिलिग्रॅम लोह टोचा असं सगळीकडे सांगितलं जातं, तो आकडा या गणितातून येतो.

सगळ्यात मोठं पिल्लू आधी का जातं, याचंही उत्तर इथेच आहे. शिदोरी सगळ्यांची सारखीच, पण जे जोरात वाढतं त्याला रक्त जास्त लागतं. पुढचा सड पकडून बसलेलं, भरपूर दूध पिणारं पिल्लू आठवड्याभरात वजन जवळपास दुप्पट करतं; त्याचं लोह तेवढ्याच वेगानं पातळ होत जातं. किरकोळ पिल्लू कमी वाढतं, म्हणून त्याचा दिवाळखोरीचा दिवस थोडा उशिरा येतो.

माणसाच्या बाळाशी तुलना केली की डुकराच्या पिल्लाची अडचण नीट कळते. आईच्या दुधात लोह कमी असतं हे माणसातही खरंच आहे. पण पूर्ण दिवसांचं, तीन किलोचं बाळ जन्मताना दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह घेऊन येतं, आणि वजन दुप्पट करायला त्याला पाचेक महिने लागतात. त्या पुंजीवर ते पहिले चार ते सहा महिने काढू शकतं. डुकराचं पिल्लू पुंजी कमी आणतं आणि घाई मात्र प्रचंड करतं. शिवाय एका विणीत दहा-बारा भावंडं असतात.

"मग डॉक्टर, डुकरिणीलाच गाभणपणी लोहाचं औषध चालू केलं तर?" हा प्रश्न प्रत्येक पशुपालक विचारतो, आणि विचारायलाच हवा, कारण दहा पिल्लं धरून टोचण्यापेक्षा एका डुकरिणीच्या खाद्यात चूर्ण मिसळणं केव्हाही सोपं. दुर्दैवानं ते चालत नाही. डुकरिणीच्या वारेची रचना अशी असते की आईचं रक्त आणि पिल्लाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे बरेच थर राहतात. लोह पलीकडे नेण्याचं काम गर्भाशयाच्या ग्रंथी करतात, युटेरोफेरिन नावाच्या जांभळट रंगाच्या प्रथिनातून. त्या वाहतुकीला मर्यादा आहे. आईच्या रक्तात लोह वाढवलं म्हणून ती वाढत नाही. दुधाचंही तसंच. डुकरिणीला कितीही लोह चारलं किंवा टोचलं तरी दुधातलं लोह पिल्लाला पुरेल इतकं वाढत नाही. डुकरिणीच्या स्वतःच्या तब्येतीसाठी तिच्या खाद्यात लोह हवंच, पण पिल्लांचा प्रश्न त्यानं सुटेल या भरवशावर राहू नये. लोह चारलेल्या डुकरिणीची पिल्लं थोडी बरी दिसतात ती बहुधा तिच्या शेणात तोंड घालतात म्हणून. चारलेल्या लोहातला मोठा भाग तिच्या शेणातूनच बाहेर पडतो.

मग हजारो वर्षं डुकरं जगली कशी? मातीवर. रानडुकराची मादी झुडपात पालापाचोळ्याचं घरटं करून विते, आणि पिल्लं चार-सहा दिवसांची झाली की नाकाडानं जमीन उकरायला लागतात. मातीत वजनाच्या काही टक्के लोह असतं. पिल्लाच्या आतड्यातून त्यातलं फारच थोडं शोषलं जातं, पण गरजच मिलिग्रॅममध्ये असल्यामुळे रोज तोंडात जाणारी ग्रॅम-दोन ग्रॅम माती पुरेशी होते. गावात मोकळी फिरणारी डुकरं, गोव्यातली अगोंदा गोअन ही नोंदणी झालेली देशी जात, ईशान्येकडच्या घरांमागच्या कुडाच्या खुराड्यांतली काळी डुकरं, यांच्या पिल्लांना हा रोग फारसा माहीत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरं होती आणि त्यातली २१ लाखांच्या आसपास एकट्या आसामात. त्यातली बरीचशी अशीच घरामागे वाढणारी. रोग येतो तो शेडबरोबर. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून १०० माद्यांच्या प्रकल्पाला ३० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागलं, तसे महाराष्ट्रातही यॉर्कशायर, लँडरेस, ड्युरॉक यांचे बंदिस्त प्रकल्प उभे राहू लागले. या जाती वाढीला देशी डुकरांपेक्षा कितीतरी जोरकस आहेत. जोरकस वाढ आणि कोबा एकत्र आले की रक्तक्षय ठरलेला.

हे लोहाचंच काम आहे, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन इथं मॅक्गवन आणि क्रायटन या दोघांनी १९२३ मध्ये, आत कोंडून ठेवलेल्या डुकरांमधल्या या मरतुकीचा संबंध लोहाच्या कमतरतेशी लावून दाखवला. पाच वर्षांनी, १९२८ मध्ये, अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, स्टीनबॉक, वॉडेल आणि एल्व्हेजेम यांनी उंदरांवर दाखवलं की नुसत्या लोहानं हिमोग्लोबिन तयार होत नाही, त्याला थोडं तांबंही लागतं. त्यामुळे त्या काळात जो उपाय रूढ झाला तो दोन्हींचा होता: हिराकस आणि चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवून, थोडा गूळ किंवा साखर घालून ते पाणी डुकरिणीच्या सडांना फासायचं. पिल्लं दूध पिताना ते चाटतात.

हा उपाय आजही अनेक सरकारी माहितीपत्रकांत सापडतो आणि तो खोटा नाही. चार-पाच डुकरिणी असलेल्या माणसाला, जिथे इंजेक्शन देणारं कोणी पोचत नाही तिथे, तो आधार आहे. पण त्याचे दोष सांगायलाच हवेत. तो रोज करावा लागतो, एक दिवस करून भागत नाही. कोणतं पिल्लू किती चाटतं यावर काहीही ताबा नसतो. धडधाकट पिल्लू जास्त घेतं, मागचा आटलेला सड मिळालेलं काहीच घेत नाही. द्रावण तीव्र झालं तर पिल्लांचं तोंड आणि पोट बिघडतं, हगवण लागते. मोरचूद तर जपूनच वापरायची वस्तू आहे; प्रमाण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय हात लावू नये.

मातीचंही तसंच. गाळ्याच्या कोपऱ्यात रोज घमेलंभर ताजी माती टाकली, पिल्लं त्यात खेळली, तर लोह मिळतं. मात्र ती माती कुठली हे महत्त्वाचं. जिथे कधी डुकरं वावरली तिथल्या मातीत डुकरांच्या गोलजंतांची अंडी असतात आणि ती वर्षानुवर्षं जिवंत राहतात. जिथे माणसं उघड्यावर शौचाला बसतात तिथल्या मातीत पट्टकृमीची अंडी असतात. ती डुकराच्या पोटात गेली की त्याच्या मांसात गाठी होतात. लोह मिळवताना हा रोग घरात घेणं परवडणारं नाही. शेतातली खोलवरची, शेणखत न पडलेली माती उन्हात वाळवून वापरली तर चालते. कोकण-गोव्याकडची लाल माती लोहाने भरलेली असते म्हणून तीच उत्तम, असा एक समज आहे. तिचा लाल रंग लोहाच्या गंजाचा, हे बरोबर. पण गंजाच्या रूपातलं लोह पिल्लाच्या आतड्याला कष्टानंच मिळतं. साध्या काळ्या किंवा तांबड्या मातीनंही काम भागतं.

इंजेक्शन आलं आणि हे सगळं मागे पडलं. १९५० च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये आयर्न डेक्स्ट्रान तयार झालं आणि १९५५ च्या सुमारास ते पिल्लांवर वापरून पाहिलं गेलं. लोहाचा साधा क्षार स्नायूत टोचला तर तिथला भाग सडतो आणि रक्तात एकदम आलेलं मोकळं लोह विषासारखं काम करतं. म्हणून लोहाभोवती साखरेच्या लांब साखळीचं वेष्टण घातलं. ती साखळी म्हणजे डेक्स्ट्रान. ऊसपट्ट्यातल्या लोकांना हे नाव नवं नसावं. तोडलेला ऊस गाळपाला उशिरा पोचला की ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू त्यातल्या साखरेपासून जो चिकट पदार्थ तयार करतात, ज्यामुळे कारखान्यात रस गाळायला त्रास होतो आणि उतारा घटतो, तेच हे डेक्स्ट्रान. कारखानदाराच्या डोक्याला ताप आणि वराहपालकाच्या हातात औषध, अशी त्याची दोन आयुष्यं आहेत.

टोचलेलं आयर्न डेक्स्ट्रान स्नायूतून हळूहळू लसिकावाहिन्यांत जातं, तिथून रक्तात. यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी ते गिळतात, वेष्टण तोडतात आणि आतलं लोह थोडं थोडं सोडतात. रक्तातलं ट्रान्सफेरिन हे प्रथिन ते लोह अस्थिमज्जेपर्यंत पोचवतं, तिथे नव्या लाल पेशी तयार होतात. सगळं मिळून आठवड्याभरात फरक दिसू लागतो. टोचलं आणि दुसऱ्या दिवशी पिल्लं लालबुंद झाली, असं होत नाही. पिल्लू पांढरं पडेपर्यंत थांबून टोचण्यात म्हणूनच तोटा आहे: औषध कामाला लागेपर्यंतचे पाच-सात दिवस ते पिल्लू उधारीवर काढत असतं.

आता प्रत्यक्ष टोचण्याचं काम. दिवस तिसरा, फार तर चौथा. पहिल्याच दिवशी का नको? पहिल्या दिवशी पिल्लाचं एकच काम असतं, चीक पिणं. त्या दिवशी त्याला धरून ठेवणं, घाबरवणं, थंडीत बाहेर काढणं म्हणजे चिकाचा एक घोट कमी. शिवाय त्याचे स्नायू एवढेसे असतात की औषध बाहेर गळून येतं. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत थांबलं तर शिदोरी आधीच संपलेली असते.

बाटली हातात घेतली की आधी लेबल वाचा. मिलिलिटर किती टोचायचे हे बाटलीत किती ताकदीचं औषध आहे त्यावर ठरतं. बाजारात मिलिलिटरला ५०, १०० आणि २०० मिलिग्रॅम लोह असलेल्या बाटल्या मिळतात. "डॉक्टरांनी एक मिली सांगितलं होतं," असं म्हणून ५० च्या बाटलीतलं एक मिली टोचणारा माणूस पिल्लाला गरजेचा चौथा हिस्सा देतो. २०० च्या बाटलीतलं दोन मिली टोचणारा दुप्पट देतो. मिलिलिटर विसरा, मिलिग्रॅम लक्षात ठेवा.

औषध गडद तपकिरी, काकवीसारखं दाट असतं. थंडीत ते आणखी दाट होतं आणि सिरिंजमधून सरकत नाही. बाटली थोडा वेळ हातात धरून ऊबदार करावी. बाटलीच्या बुचात एक सुई कायमची टोचून ठेवा आणि फक्त तिच्यातूनच औषध भरा. पिल्लांना टोचायची सुई वेगळी ठेवा, आणि ती दर विणीला बदला. एका पिल्लाच्या अंगातून निघालेली सुई पुन्हा बाटलीत गेली की पूर्ण बाटली बिघडते आणि उरलेल्या पिल्लांना गळवं येतात. सुई अर्ध्या ते पाऊण इंचाची, बारीक असावी.

टोचायची जागा मान. कानाच्या मागे, पाठीच्या कण्यापासून खाली, जिथे मानेचा स्नायू हाताला भरीव लागतो तिथे. पूर्वी मांडीत टोचायची पद्धत होती आणि जुने लोक अजूनही मांडीच पकडतात. तिथून पायाचा मोठा मज्जातंतू जातो. सुई त्याला लागली तर पिल्लू आयुष्यभर लंगडं. दुसरं म्हणजे तिथला तपकिरी डाग मांसात राहतो, आणि मांडी हाच डुकराचा महागडा भाग.

एका माणसानं पिल्लू धरावं, मागचे पाय आणि छाती एका हातानं सांभाळून, डोकं टोचणाऱ्याकडे. टोचणाऱ्यानं अंगठ्यानं मानेवरची कातडी किंचित बाजूला ओढावी, सुई सरळ आत घालावी, दट्ट्या सावकाश दाबावा. औषध गेल्यावर दोन-तीन सेकंद सुई तशीच राहू द्यावी, मग काढावी, आणि काढल्यावरच कातडी सोडावी. कातडी जागेवर सरकली की छिद्र झाकलं जातं आणि औषध आत राहतं. मानेवरून तपकिरी ओघळ आला तर तेवढी मात्रा वाया गेली, असं समजा. दुसऱ्या पिल्लाला हात अधिक हळू चालवा. टोचलेल्या प्रत्येक पिल्लाच्या पाठीवर मार्करची एक रेघ ओढावी. दहा पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत असताना कोणाला झालं आणि कोणाला राहिलं हे आठवणीवर सोडलं तर एखादं कोरडं राहतं आणि एखाद्याला दोनदा बसतं.

दोनदा बसणं चालणार नाही. जादा लोह पिल्लाला धडधाकट करत नाही. रक्तात मोकळं फिरणारं लोह जंतूंनाही आवडतं, आणि अशा पिल्लांमध्ये ई-कोलायची हगवण जोर धरते. शिवाय शरीरात लोह भरपूर दिसलं की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते आतड्यातून लोह शोषण्याचं दार बंद करतं. म्हणजे मोठी मात्रा टोचली की पुढे खाद्यातून मिळणारं लोह उलट कमी मिळतं. पोलंडमधल्या संशोधकांनी याच कारणानं एकाच मोठ्या मात्रेऐवजी दोन लहान मात्रा देऊन पाहिल्या आणि रक्त तितकंच चांगलं राहिलं. आठशे-नऊशे ग्रॅमच्या किरकोळ पिल्लांना मात्रा दोन हप्त्यांत विभागणं मला या कारणानं शहाणपणाचं वाटतं. पण ते आपल्या पशुवैद्यकांना विचारून.

एक धोका क्वचित येतो, पण आला तर भयंकर असतो. टोचल्यावर काही तासांत पिल्लं धापा टाकत कोलमडतात आणि बरीचशी वीण मरते. मालक औषधाला दोष देतो. बहुतेक वेळा खरा दोष डुकरिणीच्या खाद्यात असतो: त्यात ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी पडलेलं असतं. ही दोन द्रव्यं लोहामुळे पेशींचं होणारं नुकसान थोपवतात. ती नसली तर टोचलेलं लोह स्नायूंच्या पेशी फाडतं. जुना, खवट झालेला भरडा किंवा पेंड महिनाभर खाल्लेल्या डुकरिणीची पिल्लं असतील, तर आधी डॉक्टरांशी बोलावं, गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यात डुकरिणीला ई जीवनसत्त्व द्यावं, आणि शंका असेल तर एका-दोन पिल्लांनाच टोचून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी.

रक्त वाचवणं हाही लोह देण्याचाच एक भाग आहे, आणि त्याकडे फार दुर्लक्ष होतं. नाळ ओढून तोडली, बांधली नाही, तर पिल्लाचं दहा-पंधरा मिलिलिटर रक्त सहज जातं. दर मिलिलिटरमागे सुमारे एक तृतीयांश मिलिग्रॅम लोह. म्हणजे दहा मिलिलिटर रक्त गेलं की अर्ध्या दिवसाचं लोह कोब्यावर सांडलं. नाळ दोऱ्यानं बांधून, आयोडीन लावून कापावी. खच्चीकरण, शेपूट कापणं ही कामं करायचीच असतील तर रक्त कमीत कमी जाईल अशा हातानं करावी.

काम झालं की नाही हे कसं ओळखायचं? नुसत्या नजरेवर विसंबू नका. पिल्लू फिकं दिसायला लागेपर्यंत हिमोग्लोबिन बरंच खाली गेलेलं असतं. डेसिलिटरला ११ ग्रॅम किंवा अधिक असेल तर पिल्लू ठीक, ९ ते ११ म्हणजे लोह कमी पडतंय, ९ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. दवाखान्यात माणसांसाठी वापरतात तसलं, थेंबभर रक्तावर चालणारं छोटं यंत्र डॉक्टरांकडे असेल तर दूध तोडायच्या दिवशी एका विणीतली मोठी, मधली आणि लहान अशी तीन-चार पिल्लं तपासून घ्यावीत. मोठ्याचा आकडा सगळ्यांत कमी निघाला तर आश्चर्य नको.

तरीही डोळ्याला दिसणारी खूण माहीत असावी. सकाळी पिल्लाचा कान उजेडासमोर धरा. निरोगी पिल्लाचा कान गुलाबी असतो आणि त्यातल्या बारीक शिरा स्पष्ट दिसतात. रक्त कमी असेल तर कान पिवळट पांढरा दिसतो आणि शिरा शोधाव्या लागतात. डोळ्यांच्या आतली त्वचा आणि हिरड्याही पांढऱ्या. केस राठ आणि उभे, मान आणि खांदे सुजल्यासारखे, त्यामुळे पिल्लू लठ्ठ भासतं. थोडं पळालं तरी धाप लागते आणि उचकी लागावी तसे पोटाला झटके बसतात. अशा पिल्लाला टोचताना त्याला पळवू नका, उलटं धरू नका. त्याचं हृदय आधीच ताणलेलं असतं आणि धरपकडीतच ते दगावू शकतं.

दुसरी मात्रा लागते का, हे दूध कधी तोडता त्यावर आहे. चौथ्या आठवड्याला दूध तोडून लोहयुक्त पिल्लू-खाद्यावर आणलं तर एक मात्रा बहुधा पुरते. आपल्याकडे अनेक ठिकाणी पिल्लं सहा ते आठ आठवडे आईजवळ ठेवतात. अशा वेळी दहाव्या ते चौदाव्या दिवशी १०० मिलिग्रॅमची दुसरी मात्रा द्यायची पद्धत आहे आणि ती योग्य आहे. पिल्लू-खाद्य आठव्या-दहाव्या दिवसापासून समोर ठेवावंच, पण पहिले तीन आठवडे पिल्लं त्यातलं चिमूटभरच खातात. त्या खाद्याच्या भरवशावर इंजेक्शन चुकवण्यात अर्थ नाही.

औषधाची बाटली डुकरीण व्याल्यावर शोधायला जाऊ नका. तिच्या विण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी आणून ठेवा, लेबलवरचा मिलिग्रॅमचा आकडा डॉक्टरांना दाखवून पिल्लामागे किती मिली घ्यायचं ते त्यांच्याकडून त्याच बाटलीवर लिहून घ्या, आणि गाळ्याच्या दारावर तिसऱ्या दिवसाची तारीख खडूनं मोठ्या अक्षरात लिहा.